नवे पाळक, जुनी मंडळी आणि वाचून न दाखवलेले इतिवृत्त

एका वाचक भगिनीचे पत्र:

मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पंचकमिटीची चिटणीस आहे. आमचे पाळक बावीस वर्षांच्या सेवेनंतर सात महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम उपासनेनंतर अर्ध्या तासात उरकला गेला. पुढच्याच महिन्यात वरिष्ठ मंडळाने नेमलेले नवे पाळक आले. ते प्रामाणिक व कष्टाळू आहेत. परंतु दुसऱ्याच महिन्यात त्यांनी उपासनेचा क्रम बदलला, गायनाची जबाबदारी तरुण संघाकडे दिली आणि छताच्या दुरुस्तीसाठी जमलेल्या निधीतून ध्वनिक्षेपक यंत्रणा घेण्याचा ठराव कमिटीत मंजूर करून घेतला. तेव्हापासून मंडळीत दोन गट पडले आहेत. जुनी कुटुंबे लग्नाला आणि अंत्यविधीला अजून जुन्या पाळकांनाच बोलावतात. दुसरीकडे, त्यांच्या काळातील हिशेबांविषयी कुजबुज सुरू झाली आहे. कमिटीचे इतिवृत्त पूर्वी सभासदांच्या सभेत वाचले जाई. ती पद्धत काही वर्षांपूर्वीच बंद पडली. दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे येतात. जुन्या पाळकांनी माझ्या मुलांचा बाप्तिस्मा केला, माझे यजमान गेले त्या रात्री ते पहाटेपर्यंत आमच्या घरी बसून होते. नवे पाळकही मला मनातले सांगतात. आपण दोघांशीही अप्रामाणिक वागत आहोत असे मला वाटू लागले आहे. मंडळीत पुन्हा विश्वास कसा निर्माण व्हावा? की मीच पद सोडावे?

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

पद सोडण्याविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देतो, कारण ते बाकीच्या गोष्टींवर अवलंबून आहे. आपल्या पत्रातून मंडळीच्या ज्या तक्रारी दिसतात, त्यांतील निम्म्या मला तक्रारी वाटत नाहीत. तो शोक आहे, आणि तो व्यक्त करायला जागा न मिळाल्यामुळे तक्रारीच्या वाटेने बाहेर पडत आहे. ज्या माणसाने बावीस वर्षे मुलांचे बाप्तिस्मे केले, तरुणांची लग्ने लावली आणि मृतांना मूठमाती दिली, त्याला अर्ध्या तासात निरोप दिला गेला आणि महिन्याभरात त्याच्या जागी दुसरा मनुष्य उभा राहिला. मग एखादी वृद्ध बाई “आता गीते पूर्वीसारखी होत नाहीत” असे म्हणते, तेव्हा ती गीतांविषयी बोलत असते असे आपण धरून चालतो. ती बहुधा स्वतःच्या एका मोठ्या हानीविषयी बोलत असते आणि तिला दुसरे शब्द सापडलेले नसतात.

बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात, आपला पुढारी मोशे याच्या मृत्यूनंतर इस्राएल लोकांनी मवाबाच्या मैदानात तीस दिवस शोक केला असे लिहिले आहे. पुढे यार्देन नदी होती, वचनदत्त देश समोर दिसत होता आणि मोशेचा उत्तराधिकारी म्हणून यहोशवाची नेमणूक आधीच झालेली होती. तरीही ते तीस दिवस कोणी कमी केले नाहीत. त्या नेमणुकीची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, हे लोक मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होऊ नयेत म्हणून मोशे स्वतःच देवाकडे उत्तराधिकारी मागतो. देव त्याला सांगतो की यहोशवाला एलाजार याजकापुढे व सर्व मंडळीपुढे उभे कर, सर्वांच्या देखत त्याला अधिकार दे आणि आपला काही मान त्याच्यावर ठेव. जाणाऱ्याने येणाऱ्याचा हात सर्वांसमोर धरला होता. आपल्याकडे मधला एक महिना रिकामा गेला आणि दोन्ही पाळकांना एकत्र उभे राहिलेले मंडळीने कधी पाहिलेच नाही. त्यामुळे ‘जुने’ आणि ‘नवे’ ही लोकांच्या मनात दोन वेगळी घरे झाली आणि त्या दोहोंमध्ये दार राहिले नाही.

हे दार आजही बसवता येईल. एक संध्याकाळ फक्त एवढ्यासाठी राखून ठेवा. जुन्या पाळकांना बोलवा, लोकांना बोलू द्या, रडू द्या, आठवणी सांगू द्या, आणि नव्या पाळकांना विनंती करा की त्यांनी त्या दिवशी सूत्रसंचालन करू नये, उपदेश करू नये, केवळ बसून ऐकावे. शेवटी जुन्या पाळकांनी सर्वांच्या देखत नव्या पाळकांवर हात ठेवून प्रार्थना करावी. सात महिने उशीर झाला आहे हे मला ठाऊक आहे, पण राहून गेलेला निरोप उशिरा दिला तरी खोटा ठरत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. नेतृत्वबदलाच्या काळात मंडळ्या हमखास जी चूक करतात ती अशी, की विश्वास ही लोकांकडून मागण्याची गोष्ट आहे असे त्या समजतात. व्यासपीठावरून ऐक्यावर उपदेश होतात, “पुढाऱ्यांवर विश्वास ठेवा, कुरकुर करू नका” असे सांगितले जाते, आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्या आत्मिक स्थितीविषयी शंका घेतली जाते. असा उपदेश ऐकून प्रश्न विचारणारा गप्प बसतो आणि आपल्याला वाटते की शांती झाली. प्रत्यक्षात तो प्रश्न सभेतून उठून घराघरांत गेलेला असतो. पुढारी स्वतःला तपासून घेण्यासाठी लोकांपुढे ठेवू शकतो, तेही लोकांनी मागणी करण्याच्या आधी. त्यातून विश्वास निर्माण होईल की नाही हे लोकांच्या हाती असते, आणि ते त्यांच्याच हाती राहू दिले पाहिजे.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आपण अनेकदा ऐकला असेल. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांना ती कुरकुर म्हणजे बंड आहे असे म्हणता आले असते, कारण येशूबरोबर चाललेल्या लोकांइतका अधिकार त्या मंडळीत दुसऱ्या कोणाला होता? त्यांनी तसे केले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, आमच्याकडून हे काम नीट होणार नाही असे उघड सांगितले, कशा प्रकारची माणसे हवीत ते स्पष्ट केले आणि निवड लोकांवर सोपवली. जे सात जण निवडले गेले त्यांची नावे पाहा: स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाची व्यवस्था गेली. प्रेषितांनी तक्रारीचे नुसते निवारण केले नाही. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी व्यवस्थेच्या आत घेतले.

आपल्या मंडळीत हेच कोठे लागू पडते ते मी स्पष्ट लिहितो, आणि हे वाचून कमिटीतील काहींना वाईट वाटेल याची मला जाणीव आहे. छताच्या निधीविषयीचा ठराव चुकीचा होता. नव्या यंत्रणेची गरज नव्हती असे मी म्हणत नाही. मागच्या बाकांवरच्या वृद्धांना उपदेश ऐकू येत नसेल तर ती खरी गरज आहे. परंतु लोकांनी ते पैसे छतासाठी दिले होते. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान हे दात्याशी केलेले वचन असते. ते दुसरीकडे वळवायचे असेल तर ज्यांनी दिले त्यांच्याकडे परत जाऊन विचारावे लागते, आणि तशी तरतूद असल्यास सभासदांच्या सभेची संमती घ्यावी लागते. अनेक ठिकाणी हा केवळ सौजन्याचा प्रश्न नसून कायद्याचाही असतो. म्हणून मंडळीची घटना आणि निधी जमा करताना काढलेले आवाहन हे दोन्ही कागद आधी काढून वाचा. पैसे अजून खर्च झाले नसतील तर ठराव स्थगित करा. खर्च झाले असतील तर रक्कम किती, ती छताच्या निधीत परत कधी आणि कोठून भरणार, हे लेखी सांगा. नव्या पाळकांनी ही चूक स्वतःच्या तोंडाने, कोणतेही स्पष्टीकरण न जोडता, मान्य केली तर त्या एका रविवारी जेवढे साधेल तेवढे वर्षभराच्या घरभेटींनी साधणार नाही. मात्र ठराव संपूर्ण कमिटीने मंजूर केला होता, म्हणून कमिटीनेही त्यांच्याबरोबर उभे राहिले पाहिजे. नवख्या माणसाला एकट्याला पुढे करू नका.

यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेल्या दानाबाबत प्रेषित पौल किती सावध होता हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात दिसते. तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधूंना पाठवतो, आणि त्यांतील एकाला मंडळ्यांनीच निवडलेले होते. कारणही तो सांगतो: या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आम्हांला दोष लावू नये, केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते करण्याची आम्ही काळजी घेतो. पौलाला “माझे अंतःकरण देव जाणतो” असे म्हणून थांबता आले असते. ते त्याने पुरेसे मानले नाही.

मी स्वतः अकरा वर्षे पंच होतो. एका पाळकबदलाच्या वेळी आम्ही पंचांनी मिळून ठरवले की एका निर्णयाचे खरे कारण मंडळीला सांगायचे नाही, कारण त्यामुळे लोक दुखावतील. आमचा हेतू वाईट नव्हता. आठ महिन्यांनी ते कारण बाहेर आले, आणि मूळ निर्णयाला कोणीच आक्षेप घेतला नाही. लोकांचे म्हणणे एवढेच होते की तुम्ही आठ महिने आमच्या तोंडाकडे पाहत दुसरेच काही सांगत होता. त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यानंतर आमच्या एकाही अहवालावर विश्वास ठेवला नाही, आणि मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

जुन्या हिशेबांविषयीची कुजबुज मला अधिक गंभीर वाटते, आणि येथे दोन उलट दिशांनी चूक होऊ शकते. एका बाजूला, प्रेमापोटी जुन्या पाळकांना वाचवण्यासाठी कोणी चौकशीच होऊ देणार नाही. दुसऱ्या बाजूला, नव्या व्यवस्थेला बळ मिळावे म्हणून कोणी कुजबुज तशीच चालू देईल. दोन्हींत एका माणसाचे नाव हवेत लटकत राहते. इस्राएलचा न्यायाधीश शमुवेल याने निवृत्तीच्या वेळी, नव्या राजाच्या देखत, सर्व लोकांना विचारले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला लुबाडले, कोणाच्या हातून लाच घेतली ते सांगा. हा औपचारिक प्रश्न नव्हता, कारण त्याच्याच मुलांनी लाच घेऊन न्याय विपरीत केला होता आणि लोकांनी राजा मागण्याचे तेही एक कारण होते. शमुवेलाच्या घरावर डाग होता, म्हणूनच त्याने स्वतःचा हिशेब उघड्यावर मांडला आणि लोकांकडून उत्तर घेतले.

तेव्हा मागील काही वर्षांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण मंडळीबाहेरच्या, दोन्ही गटांशी नाते नसलेल्या पात्र व्यक्तीकडून करून घ्या. ते कोणावर संशय आहे म्हणून नव्हे, तर पाळक बदलताना प्रत्येक वेळी तसे व्हावे म्हणून करत आहोत असा ठराव करा आणि तो पुढच्या बदलालाही बंधनकारक ठेवा. जुन्या पाळकांना हे आधी, समोरासमोर बसून, सांगा. वर्तमान त्यांच्या कानावर दुसऱ्याच्या तोंडून जाऊ नये. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या, मालमत्तेची कागदपत्रे, बँकेतील सह्यांचे अधिकार आणि किल्ल्या यांची यादी करून ती दोघांच्या सहीने हस्तांतरित झाली आहे का, हेही पाहा. बहुतेक मंडळ्यांत हे काम विश्वासाच्या नावाखाली तोंडी उरकले जाते आणि मग दोन वर्षांनी एखादा कागद सापडत नाही तेव्हा निष्पाप मनुष्य संशयाला बळी पडतो. आणखी एक गोष्ट पूर्ण गांभीर्याने लिहितो. या कुजबुजीत कोणाला, विशेषतः एखाद्या लहान मुलाला, इजा झाल्याचा किंवा कोणाचा गैरफायदा घेतल्याचा थोडासाही धागा असेल, तर तो मंडळीच्या आत मिटवण्याचा विषय नाही. ते कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे तत्काळ गेले पाहिजे. ऐक्य टिकवण्यासाठी पीडिताला गप्प बसवणारी मंडळी ऐक्यही टिकवत नाही आणि ख्रिस्ताचे नावही राखत नाही.

उपासनेच्या क्रमाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण भांडण जरी त्यावर दिसत असले तरी मूळ तेथे नाही. काही बदल थांबू शकत नाहीत: हिशेबाची पद्धत, मुलांची सुरक्षितता, इमारतीचा धोका. गीते, क्रम, बसण्याची व्यवस्था हे वर्षभर थांबू शकतात, आणि थांबल्याने कोणाचे तारण अडत नाही. जे आधीच बदलले ते लगेच मागे घेण्याचीही गरज नाही, नाहीतर दुसरा गट दुखावेल. तीन महिन्यांनी यावर सर्वांची मते घेऊ असे जाहीर करावे आणि ती तारीख पाळावी. फक्त मते मागायची असतील तर मनापासून मागा. बायबलमधील नवा राजा रहबाम याने गाऱ्हाणे घेऊन आलेल्या लोकांना तीन दिवसांनी या असे सांगितले, वडीलधाऱ्यांचा सल्ला विचारला आणि तो टाकून दिला. दहा वंश त्याच्यापासून फुटले. त्याने काहीच विचारले नसते तर कदाचित एवढी चीड आली नसती, असे मला तो अध्याय वाचताना नेहमी वाटते.

येथे पाचव्या शतकातील एका प्रसंगाची आठवण होते, कारण तो आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन याने सुमारे तीस वर्षे सेवा केल्यावर, २६ सप्टेंबर ४२६ रोजी, मंडळीला एकत्र बोलावून एराक्लियस नावाच्या पाळकाला आपला उत्तराधिकारी म्हणून सर्वांसमोर जाहीर केले. सभेत काय बोलले गेले ते लिहून घेण्यासाठी लेखनिक बसवले होते आणि लोकांच्या संमतीच्या घोषणाही नोंदवल्या गेल्या. इतकी काळजी का घ्यावी लागली हे त्याने तेथेच सांगितले. शेजारच्या मिलेविस येथील बिशप सेव्हेरस नुकताच वारला होता. त्याने उत्तराधिकारी ठरवून ठेवला होता, पण ते केवळ पाळकवर्गाला सांगितले होते, लोकांना नाही. त्यामुळे काही लोक दुःखी झाले होते आणि ऑगस्टीनला तेथे जाऊन समजूत घालावी लागली होती. निवड चांगली होती, तिच्याविषयी वाद नव्हता, तरीही लोकांना न सांगितल्याचे दुःख उरले. कमिटीच्या दाराआड घेतलेला योग्य निर्णयही असाच जखम करून जातो.

त्याच सभेत ऑगस्टीनने आणखी एक गोष्ट केली. आठवड्यातील पाच दिवस मला शास्त्राच्या अभ्यासासाठी मोकळे ठेवाल असे तुम्ही पूर्वी कबूल केले होते, पण ते पाळले गेले नाही, असे सांगून त्याने लोकांना विनंती केली की आता जी कामे घेऊन तुम्ही माझ्याकडे येता ती एराक्लियसकडे घेऊन जा. माझा सल्ला लागेल तेथे मी तो नाकारणार नाही. चार वर्षांनी, ४३० मध्ये, तो मरण पावला. तोपर्यंत दोघे एकाच ठिकाणी होते आणि कोणाकडे कशासाठी जायचे हे लोकांना ज्येष्ठाच्याच तोंडून समजले होते.

जुन्या पाळकांकडून आपल्याला नेमके हेच हवे आहे. त्यांनी लोकांशी संबंध तोडावेत असे मी म्हणणार नाही. बावीस वर्षांचे प्रेम पत्रकाने बंद होत नाही आणि तसा प्रयत्न क्रूर ठरेल. परंतु लग्नाचे किंवा अंत्यविधीचे निमंत्रण त्यांना आले तर त्यांनी “आधी आपल्या पाळकांना विचारा, ते मला बोलावतील तर मी आनंदाने येईन” एवढेच उत्तर प्रत्येक वेळी, प्रत्येक कुटुंबाला, जवळच्यांनाही, द्यावे. नव्या पाळकांनी अशा प्रसंगी त्यांना मन मोठे करून सहभागी करून घ्यावे: एकाने विधी चालवावा, दुसऱ्याने प्रार्थना करावी. आणि कोणी त्यांच्यापुढे नव्या पाळकांची निंदा करू लागला तर त्यांनी ऐकू नये. वृद्ध सेवकाला हे कठीण जाते. लोक आपल्याला विसरत नाहीत हे पाहून मनाला बरे वाटते, आणि त्यात काही पाप नाही. पण त्याच सुखाची किंमत नवा मनुष्य चुकवत असतो. हे त्यांना सांगू शकेल अशी व्यक्ती आपणच आहात असे मला वाटते, कारण त्या रात्री ते पहाटेपर्यंत आपल्या घरी बसले होते. ज्याचे ऋण आहे त्याच्याशी खरे बोलणे हेही ऋण फेडणेच आहे.

नव्या पाळकांशी बोलण्याची वेळ आली तर त्यांना हे सांगा की लोक त्यांना मोजत आहेत आणि यात अपमान मानण्यासारखे काही नाही. यहोशवाची नेमणूक मोशेने केली, पण लोक त्याला मोशेसारखे मानू लागले ते यार्देन ओलांडल्यानंतर, असे यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे. नेमणूकपत्राने पद मिळते. यार्देन प्रत्येकाला लोकांबरोबर ओलांडावी लागते. त्यांनी पुढच्या काही महिन्यांत प्रत्येक घरी, नाराज घरांपासून सुरुवात करून, जावे आणि स्वतःच्या योजना न सांगता विचारावे की या मंडळीत तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती घडली, आणि काय हरवेल अशी तुम्हांला भीती वाटते. ऐकलेले विसरू नये म्हणून घरी परतल्यावर लिहून ठेवावे. लहान वचने द्यावीत आणि ती पाळावीत. मंगळवारी येतो म्हटले तर मंगळवारी जावे. खाजगी सल्ल्यात ऐकलेले त्यांच्या पत्नीलाही कळू नये, आणि कमिटीत ठरलेले मात्र सर्वांना कळावे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मंडळीत गुपिते उघडी पडतात आणि निर्णय झाकले जातात.

काही जणांच्या मनात असेल की हे पाळक जाऊन दुसरे आले की सगळे ठीक होईल. करिंथ येथील मंडळीचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने तिला लिहिले की तुमच्यात कोणी मी पौलाचा, कोणी मी अपुल्लोचा, कोणी मी केफाचा (म्हणजे पेत्राचा) असे म्हणतो. मी लावले, अपुल्लोने पाणी घातले, वाढ देवाने दिली. सुमारे चाळीस वर्षांनी रोम येथील मंडळीने त्याच करिंथकरांना एक लांब पत्र लिहिले, जे क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. निर्दोषपणे सेवा केलेल्या मंडळीच्या वडीलवर्गाला (पुढाऱ्यांना) त्या मंडळीने पदावरून दूर केले होते. त्या पत्रात त्यांना सांगितले आहे की पौलाचे ते पत्र हातात घ्या, तेव्हाही तुम्ही असेच गट केले होते. पौल, अपुल्लो, केफा सगळे काळाच्या पडद्याआड गेले होते. गट करण्याची सवय मात्र पुढच्या पिढीला वारशाने मिळाली होती.

आता आपल्याविषयी. आपण दोघांशी अप्रामाणिक आहात असे मला वाटत नाही, पण आपण निरोप्या झाला आहात आणि त्यातून ती भावना येते. “लोक असे म्हणतात” या शब्दांनी सुरू होणारी तक्रार यापुढे पुढे नेऊ नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एकदोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग. आपल्याकडे जो येईल त्याला सांगा, “मी तुमच्याबरोबर त्यांच्याकडे येते, पण तुमच्या जागी जाणार नाही, आणि तुमचे नाव लपवून तुमचे म्हणणेही पोहोचवणार नाही.” सुरुवातीला काही जण रागावतील, काही जण येणेच बंद करतील. जे उरतील त्यांच्याबरोबर खरोखर जा. मात्र ज्याला समोरच्या माणसाची भीती आहे, ज्याच्यावर अन्याय करणाराच अधिकारावर आहे, त्याला एकटे जायला सांगू नका. तो क्रम दुबळ्याला बलवानापुढे ढकलण्यासाठी दिलेला नाही. आणि दोन्ही पाळकांना एकच वाक्य सांगा: तुम्ही दुसऱ्याविषयी मला जे सांगाल ते त्यांच्या समोर सांगायला मी तुम्हांला विनंती करणार आहे.

पद आत्ता सोडू नका. आपण आज राजीनामा दिला तर दोन्ही गट त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावतील आणि ज्या एका टेबलाशी दोन्ही बाजू अजून बसू शकतात तेही जाईल. वर्षभराची मुदत स्वतःला द्या आणि ती नव्या पाळकांना सांगून ठेवा. त्या काळात चिटणीस म्हणून आपल्या हातात जे आहे, आणि दुसऱ्या कोणाच्याही हातात नाही, ते करा. इतिवृत्तवही बाहेर काढा. पुढच्या सभासदांच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून मागील सहा महिन्यांच्या कमिटीसभांचे इतिवृत्त वाचणे हा ठेवा, दुसरा निधीच्या ठरावाचा फेरविचार आणि तिसरा लेखापरीक्षकाची निवड. नोटीस घटनेत सांगितलेल्या मुदतीआधी लावा, घरी बसलेल्या वृद्धांपर्यंत ती हाती पोहोचवा. सभेत आपण स्वतः उभे राहून, सावकाश, खाजगी सल्ल्याच्या बाबी वगळता काहीही न गाळता वाचा. ज्या ठरावावर आपण स्वतः सही केली आणि आज ज्याचा पश्चात्ताप होतो, तोही वाचा. कोणी मध्येच उठून प्रश्न विचारला तर वाचन थांबवून उत्तर द्या, उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून तो प्रश्न वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच प्रश्नापासून करा.